अक्कांचे आठ लाख : सरळव्याजाच्या एका गणिताची पूर्ण हकीकत

"सर, उत्तर ऋण आलंय. उणे बारा लाख बासष्ट हजार पाचशे."

सोलापूरच्या साखर पेठेतली एक मुलगी माझ्याकडे दहावीच्या गणिताला येते. भाग १ चं पहिलं प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. ते शिकवून झालं की मी दरवर्षी मुलांना सांगतो, घरातला पैशाचा एक खरा प्रश्न आणा, आपण तो समीकरणात मांडू. बहुतेक मुलं किराणा, रिक्षाभाडं, मोबाईलचं रिचार्ज असं काही आणतात. २०२५ च्या मे महिन्यात या मुलीनं तिच्या आजीचे आठ लाख रुपये आणले. पुढे महिनाभर आम्ही त्या एकाच गणितावर होतो, आणि शाळेच्या वहीत दोन ओळींत संपणारं हे गणित घरात किती लांब जातं हे मलाही नव्यानं कळलं. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो.

प्रश्न काय होता

आजींना सगळी पेठ अक्का म्हणते. वय ६१. त्यांच्या मालकांचे, म्हणजे नवऱ्याचे, चार यंत्रमाग होते. आधी चादरी, मग चादरीला उठाव राहिला नाही तशी टॉवेलं, मग तेही परवडेना. मालक गेले, माग भंगारात गेले आणि शेडमधल्या वाट्याचे आठ लाख अक्कांच्या नावावर आले. मुलगा एमआयडीसीत कामाला आहे, घर तो चालवतो. पण औषधं, दूध, देवाधर्माचं, लेकी-नातवंडांना द्यायचं-घ्यायचं, हा आपला खर्च आपल्याच पैशातून व्हावा हे अक्कांचं ठाम. महिन्याला ५,५०० रुपये लागतात असं त्यांनी सांगितलं.

समोर दोन पर्याय होते. घराजवळची बँक वर्षाला ७ टक्के देत होती, व्याज दर तिमाहीला खात्यात. दुसरी एक पतसंस्था, ११ टक्के. तिचा एजंट ओळखीचा, घरी येऊन बसणारा. तो टक्क्यांत बोलतच नव्हता. "अक्का, लाखाला महिना नऊशे सतरा," एवढंच. आठही लाख ठेवा म्हणत होता.

अक्कांनी नातीला जे विचारलं ते मला आजही फार मोलाचं वाटतं. "मला सगळ्यात जास्त व्याज नको. साडेपाच हजार पुरे. ते मिळण्यापुरतंच संस्थेत ठेवायचं, बाकी बँकेत. तर संस्थेत किती ठेवू?"

जास्तीत जास्त किती मिळेल असं त्यांनी विचारलंच नाही. कमीत कमी धोका किती घ्यावा लागेल, हा त्यांचा प्रश्न. आपल्या पाठ्यपुस्तकातली उदाहरणं "एका व्यक्तीने काही रक्कम अमुक दराने गुंतवली" अशी सुरू होतात. त्या व्यक्तीनं तशी विभागणी का केली हे कधी कळत नाही. इथे कारण प्रश्नातच होतं.

उणे बारा लाख कुठून आले

मुलीनं संस्थेतली रक्कम क्ष धरली, बँकेतली य. मांडणी अशी:

क्ष + य = ८,००,०००

(११ × क्ष)/१०० + (७ × य)/१०० = ५,५००

पहिलं समीकरण बरोबर. दुसऱ्याच्या डाव्या बाजूला वर्षाचं व्याज आहे आणि उजवीकडे महिन्याचं. एजंट महिन्यात बोलतो, बँक वर्षात, अक्का महिन्यात. या तिघांच्या मधे मुलगी अडकली. क्ष ची किंमत उणे १२,६२,५०० आली.

मी तिला लगेच चूक दाखवली नाही. म्हटलं, या उत्तराचा अर्थ सांग. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "सगळे आठ लाख बँकेत ठेवले तरी ५६,००० येतात. मला ५,५०० च पाहिजेत. मग व्याज कमी करायला संस्थेकडून उलट पैसे घ्यावे लागतील." अगदी तेच. आलेलं उत्तर त्या समीकरणाचं अचूक उत्तर होतं, समीकरण तेवढं अक्कांचं नव्हतं. ऋण उत्तर आलं की मुलं घाईघाईनं चिन्ह खोडतात. मी नेहमी थांबवतो. ते चिन्ह बहुतेक वेळा चूक कुठे आहे तिकडे बोट दाखवत असतं.

इथे एक सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. समीकरण सोडवायच्या आधी दोन टोकं काढून ठेवायची. सगळी रक्कम कमी दरानं ठेवली तर ५६,०००, सगळी जास्त दरानं ठेवली तर ८८,०००. हवं असलेलं वार्षिक व्याज या दोहोंच्या मधे असेल तरच दोन्हीकडे पैसे ठेवण्याला अर्थ आहे. ५,५०० हा आकडा या टोकांच्या जवळपासही नाही, हे पहिल्याच मिनिटाला दिसलं असतं.

महिन्याचे ५,५०० म्हणजे वर्षाचे ६६,०००. आता दुसरं समीकरण १०० नं गुणून:

११क्ष + ७य = ६६,००,०००

पहिलं समीकरण ७ नं गुणून:

७क्ष + ७य = ५६,००,०००

वजा केल्यावर ४क्ष = १०,००,०००, म्हणून क्ष = २,५०,००० आणि य = ५,५०,०००.

पडताळा: अडीच लाखांचे ११ टक्क्यांनी २७,५००, साडेपाच लाखांचे ७ टक्क्यांनी ३८,५००. बेरीज ६६,०००.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मुलीनं वही अक्कांपुढे धरली. अक्कांनी क्ष आणि य कडे पाहिलंही नाही. उत्तर ऐकलं आणि तोंडी ताळा सुरू केला. "सगळे बँकेत ठेवले तर छप्पन्न. दहा हजार कमी पडतात. बँकेतला एक लाख उचलून संस्थेत टाकला की चार हजार वाढतात. मग दहा हजाराला अडीच लाख. बरोबर आहे पोरी."

माग चालवणाऱ्या घरातली बाई. किती किलो सुताचे किती टॉवेल हे आयुष्यभर तोंडी केलेलं. वजाबाकीनंतर आमच्याकडे जे ४क्ष = १०,००,००० उरलं होतं, ते आणि अक्कांचं "लाखाला चार हजार वाढतात" हे एकच वाक्य आहे. लोप पद्धत, म्हणजे वजाबाकी करून एक चल काढून टाकायची रीत, वर्गात शिकवताना आता मी आधी अक्कांच्या पद्धतीनं सांगतो, मग क्ष-य लिहितो. दोन दरांतला फरक म्हणजे एक रुपया इकडून तिकडे नेल्यावर पडणारा फरक, हे समजलं की वजाबाकी का करायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

जाता जाता एक. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराला, शंभर उणे सहा निष्कांचं (निष्क म्हणजे जुनं नाणं) उदाहरण आहे. ९४ निष्क तीन भागांत कर्जाऊ दिले, दर दरमहा शेकडा ५, ३ आणि ४, मुदत अनुक्रमे ७, १० आणि ५ महिने, आणि तिन्ही भागांचं व्याज सारखंच आलं. तर भाग किती? मुलीनं ते दुसऱ्या दिवशी सोडवून आणलं. १०० निष्कांना त्या त्या मुदतीत व्याज ३५, ३० आणि २०. व्याज सारखं हवं तर भाग यांच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे १२ : १४ : २१. बेरीज ४७, म्हणून भाग २४, २८ आणि ४२. प्रत्येकाचं व्याज ८.४ निष्क. तिथेही दर महिन्याचा आहे. आपल्याकडे सावकारीत "शेकडा दोन" म्हणतात तेही महिन्याचंच, वर्षाचे झाले २४ टक्के. दर ऐकला की महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारायचं.

८.२५

गणित इथे संपलं होतं. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते. पण रात्री मला ते अडीच लाख बेचैन करत राहिले, आणि मी एक साधा भागाकार केला जो खरं तर सर्वांत आधी करायला हवा होता.

६६,००० ÷ ८,००,००० = ०.०८२५

अक्कांना आठ लाखांवर सरासरी ८.२५ टक्के हवे होते. आणि केंद्र सरकारच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर तेव्हा ८.२ होता. एप्रिल २०२३ पासून तो तेवढाच होता. वय साठ पूर्ण झालेलं असलं की पोस्टात खातं उघडता येतं, कमाल ३० लाख, मुदत ५ वर्षं. व्याज दर तिमाहीला हातात येतं आणि न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही, म्हणजे अगदी पाठ्यपुस्तकातलं सरळव्याज. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही.

आठही लाख तिथे ठेवले तर वर्षाला ६५,६००. हव्या असलेल्या रकमेपेक्षा ४०० कमी. महिन्याला ३३ रुपये.

म्हणजे आम्ही जे समीकरण इतकं नीट सोडवलं होतं, ते अक्कांचे अडीच लाख महिन्याच्या ३३ रुपयांसाठी जोखमीत घालत होतं. ७ आणि ११ हे दोनच दर आम्ही धरून बसलो, कारण प्रश्नात ते दोनच आले होते. एक बँक घराजवळ होती, एक एजंट घरी येत होता. पोस्ट कुणाच्या घरी येत नाही.

जोखीम म्हणजे नेमकं काय तेही अक्कांना सांगायला हवं होतं. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँक असली तरी, ठेव विमा आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. आमच्या उत्तरात संस्थेतले अडीच लाख विम्याबाहेर, आणि बँकेतल्या साडेपाच लाखांपैकी पाचाच्या वरचे पन्नास हजारही बाहेर. आठपैकी तीन लाख. पोस्टातल्या रकमेची हमी केंद्र सरकारची. ती पतसंस्था बुडणारच असं मी म्हणत नाही. कित्येक संस्था वर्षानुवर्षं चोख व्यवहार करतात. पण बुडालीच तर कोण भरून देणार, याचं उत्तर दोन्हीकडे सारखं नाही.

मुलीला मी एक प्रश्न दिला. संस्थेत पोस्टापेक्षा २.८ टक्के जास्त मिळतात. अडीच लाख बुडाले तर तेवढी रक्कम या जादा व्याजातून उभी राहायला किती वर्षं लागतील? तिनं केलं:

२,५०,००० × २.८/१०० = ७,००० रुपये दरवर्षी

२,५०,००० ÷ ७,००० = ३५.७ वर्षं

मग तिच्याच लक्षात आलं की रक्कम कितीही घेतली तरी उत्तर बदलत नाही, १०० ला २.८ नं भागलं की झालं. जवळजवळ ३६ वर्षं. हे तिनं आजीला सांगितलं तेव्हा मी समोर होतो. अक्का हातातलं टॉवेल शिवायचं थांबवून नातीकडे बघत राहिल्या.

पाचशे रुपये भिशीचे

आता तेहेतीस रुपयांचं काय करायचं? खर्चाची यादी पुन्हा काढली. औषधं, दूध, भाजी, फोन, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला वर्षातून एकदा होणारा खर्च बारानं भागून. आणि शेवटी ५०० रुपये, भिशी.

भिशीला खर्च म्हणावं का? गल्लीतल्या बायकांची भिशी, दर महिन्याला ५०० भरायचे आणि नंबर लागला की एकरकमी उचलायचे. ते पैसे संपत नाहीत, परत येतात. शिवाय अक्का टॉवेलांना शिलाई मारून थोडंफार कमावतात, भिशी त्यातून सहज भरली जाते. मग व्याजातून लागतात ५,०००, वर्षाचे ६०,०००.

उजव्या बाजूची ही एक संख्या बदलली आणि सगळं गणित सैल झालं. लागणारा सरासरी दर ८.२५ वरून ७.५ वर आला. आता ६५,६०० मधे ५,६०० रुपये वर उरत होते.

सगळं एकाच ठिकाणी नको

पण आठही लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत अडकवणंही बरोबर नव्हतं. त्यातून थोडीशीच रक्कम काढता येत नाही, खातंच बंद करावं लागतं. वर्षाच्या आत बंद केलं तर व्याज नाही आणि दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं करतात. एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या १.५ टक्के कापतात, त्यानंतर १ टक्का. उद्या दवाखान्याला चाळीस हजार लागले तर त्यासाठी सात-आठ लाखांचं खातं मोडायचं का? हाताशी काही पैसे मोकळे हवेत. ते पोस्टाच्याच बचत खात्यात, ४ टक्क्यांनी.

मोकळे जास्तीत जास्त किती ठेवता येतील? मोकळी रक्कम य धरू.

(८,००,००० − य) × ८.२/१०० + य × ४/१०० ≥ ६०,०००

६५,६०० − ०.०४२य ≥ ६०,०००

य ≤ ५,६०० ÷ ०.०४२ = १,३३,३३३.३३

या योजनेत रक्कम हजाराच्या पटीत भरावी लागते. मुलीनं पटकन १,३३,००० आणि ६,६७,००० लिहिलं. बरोबर बाजूला पूर्णांक केला म्हणून मी तिला शाबासकी दिली. १,३४,००० घेतले असते तर व्याज ६०,००० च्या खाली गेलं असतं. पडताळा: ५४,६९४ आणि ५,३२०, बेरीज ६०,०१४. वर्षाला १४ रुपये जादा.

हे चौदा रुपये फसवे निघाले, आणि ते मुलीनं शोधलं, मी नाही. योजनेचं व्याज तिमाहीला १३,६७३ रुपये ५० पैसे. अक्कांना तिमाहीला लागतात १५,०००. बचत खात्याचं व्याज वर्षाच्या शेवटी जमा होतं. मग मधल्या काळात दर तिमाहीला कमी पडणारे १,३२६ रुपये त्या मोकळ्या पैशातूनच उचलावे लागणार. उचलले की तिथली शिल्लक कमी, तिच्यावरचं व्याज कमी. पहिली उचल नऊ महिने व्याजाला मुकते, दुसरी सहा, तिसरी तीन; मिळून दीड वर्षाचं व्याज:

१,३२६ × १.५ × ४/१०० = सुमारे ८० रुपये

चौदा रुपये गेले आणि वर साठ-पासष्टांचा तुटवडा. रक्कम फार लहान आहे, मान्य. पण समीकरणात य वर्षभर स्थिर धरला होता आणि प्रत्यक्षात तो स्थिर राहणार नव्हता, हे दहावीच्या मुलीला दिसलं याचा मला झालेला आनंद लहान नव्हता. शेवटी आकडे ठरले ६,७०,००० आणि १,३०,०००. व्याज ५४,९४० अधिक ५,२००, म्हणजे ६०,१४०. उचलीमुळे जाणारे ७६ वजा केले तरी साठ हजारांच्या वर.

जूनमधे खातं उघडलं. एक लाखाच्या वरची रक्कम, म्हणून चेकनं. सोबत मुलगी गेली होती, वही घेऊन.

त्यानंतर एजंट पुन्हा आला. दर साडेअकरा झालाय म्हणाला. अक्कांनी नातीला हाक मारून ३.३ नं १०० ला भागायला सांगितलं. उत्तर तीस वर्षांच्या वर आलं. अक्कांनी चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं.

एक गोष्ट मात्र आमच्या समीकरणात मावली नाही, आणि ती मी अक्कांपासून लपवली नाही. व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, खर्च राहणार नाही. खर्च वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो असं नुसतं धरलं तर आजचे ६०,००० पाच वर्षांनी ७६,५७७ होतात. हे चक्रवाढीचं गणित आहे. उत्पन्न सरळव्याजानं येतं आणि महागाई चक्रवाढीनं वाढते, ही दोन प्रकरणं पुस्तकात लांब लांब आहेत, घरात ती एकाच महिन्याच्या हिशेबात भेटतात. खातं पाच वर्षांनी पुढे तीन वर्षांसाठी वाढवता येईल, पण तेव्हाच्या दरानं. तो दर काय असेल हे आज लिहिता येत नाही.

मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर "जून २०३०" लिहून खाली जागा मोकळी सोडली आहे. भिशीचा नंबर लागला की ती रक्कम खर्च करायची नाही, बचत खात्यात टाकायची, असं अक्कांनी तिला त्याच पानावर लिहून ठेवायला सांगितलं.